हिरवं टोपण, पिवळं टोपण

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक नियम होता. जेवायला बसल्यावर मी आणि विनताने उंदरांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. नियम विनताचा होता, आणि तो मोडायला लावण्यासाठी तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण लतिका, रोज काही ना काही करत असे.

"दादा, तो शेपटीला निळी खूण असलेला काल कसा चालला?" पोळी वाढता वाढता ती सहज विचारल्यासारखं विचारी.

मी ताटात बघे. विनता म्हणे, "मम्मी, प्लीज."

"तुला कुठं विचारून राहिली मी? मी माझ्या भावाला विचारून राहिली."

"मामांना पण नाही विचारायचं."

"अच्छा! म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच हातची भाजी खाऊन, दोघं जण माझ्यापासून उंदीर लपवून राहिले."

हॉलमधल्या पलंगावरून लतिकाचे यजमान मुरलीधरराव ओरडत, "लतिका, घरात मांजर आणू का? लपलेलं सगळं बाहेर काढंल."

विनता आमच्या जबलपूरच्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. कोरिया आणि चीनकडे जिनसेंग नावाचं झुडूप उगवतं, त्याच्या मुळात बरेच वेगवेगळे घटक असतात. त्यांतला एक वेगळा काढून, मार बसलेल्या मज्जारज्जूला तो वाचवतो का, हे तिला पाहायचं होतं. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून खाली जाणारी ती नाजूक दोरी, जिच्यातून मेंदूचं म्हणणं पायांपर्यंत पोचतं. उंदराला भूल द्यायची, त्याच्या पाठीवर ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं वजन पडू द्यायचं, आणि लगेच सुई द्यायची. काही उंदरांना तो घटक, काहींना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही दिसायला सारखे. काही बाटल्यांना हिरवं टोपण, काहींना पिवळं. कोणत्या टोपणाखाली काय आहे हे एकट्या डॉ. शैलेंद्र यांना माहीत होतं. ते विनताचे मार्गदर्शक. सुई विनता देई, त्यामुळे कोणत्या उंदराला कोणतं टोपण हे तिला माहीत होतं, पण त्यात औषध होतं की पाणी हे नाही. आणि पुढे ते उंदीर कसे चालतात हे ठरवणारा माणूस असा हवा होता, ज्याला टोपणाचा रंगही माहीत नाही.

तो माणूस मी होतो. हे काम माझ्याकडे कसं आलं याचं मला अजून नवल वाटतं. माझं आयुष्य कारखान्याच्या वसाहतीतल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं. शास्त्राचं मी वाचलं आहे ते हौसेने, आणि अर्धवट. पण प्रयोगशाळेतल्या जवळजवळ सगळ्यांनी त्या उंदरांना हाताळलं होतं, सुई देताना पाहिलं होतं. एक परीक्षक त्यांना दुसऱ्या विभागातून मिळाली. दुसरा कोणीतरी बाहेरचा आणि भरपूर वेळ असलेला हवा होता. डॉ. शैलेंद्र यांनी मला जुन्या प्रयोगांतल्या चित्रफिती दिल्या, गुण द्यायला लावले, आणि माझे गुण जाणत्यांच्या गुणांशी जुळेपर्यंत सोडलं नाही. शून्य म्हणजे मागचे पाय मुळीच हलत नाहीत, एकवीस म्हणजे निरोगी चाल. मधल्या प्रत्येक आकड्याला अर्थ होता. घोटा हलला की नुसतं ढोपर, तळवा टेकला की पावलाची वरची बाजू, टेकलेल्या पायावर शरीराचं वजन आलं की नाही. मी गुण देई, खोडी, चित्रफीत पुन्हा लावी, आणि बहुधा पहिलाच गुण परत लिही.

"माझ्याकडून चुकत असेल तर तुझं वर्ष वाया जाईल, बेटा," मी विनताला एकदा म्हणालो.

ती हसली. "मामा, तुमचा स्वतःवर भरोसा नाही, म्हणूनच तर माझा तुमच्यावर आहे. ज्याला पक्कं वाटतं ना, तो पहिल्या नजरेतच ठरवून टाकतो."

तिच्या विषयाचं आणि तिच्या बाबांच्या पायांचं नातं लोक परस्पर जोडून मोकळे होत. विजय नगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटे की मुरलीधररावांना अपघात झाला म्हणून मुलीने हे काम हाती घेतलं. खरं तर ती त्याआधी दोन वर्षं यावरच काम करत होती. अपघात त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला. अधारतालच्या मोठ्या रस्त्यावर सामान भरलेल्या ऑटोचा धक्का लागून त्यांची स्कूटर दुभाजकावर आदळली. तेव्हापासून त्यांचे पाय त्यांचं ऐकत नव्हते. उजव्या पायाचा अंगठा कधीकधी हले, इतकंच. रेल्वेच्या मालधक्क्यावर आयुष्यभर हमालांशी आणि व्यापाऱ्यांशी तोंडाने लढलेला तो माणूस हॉलच्या खिडकीशी पडून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारी. मी त्याच्या जागी असतो तर भिंतीकडे तोंड केलं असतं.

लतिकाने मात्र मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. विनताचा निकाल चांगला लागणार, मग पहिली सुई बाबांना. ती हे उघड बोलत असे. शेजारणींना सांगत असे. तोवर वेळ कशाला घालवायचा, म्हणून एकदा ती गोहलपुरातून जिनसेंगच्या कॅप्सूल घेऊन आली. पाकिटावर उधळलेला घोडा होता, आणि घोड्याशेजारी उघड्या छातीचा एक माणूस.

मुरलीधररावांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "लतिका, हे तू स्वतः मागितलं दुकानात?"

"मग कोण मागणार? म्हटलं, भैया, जिनसेंग दीजिए, हमारे इनके लिए चाहिए. तर मेला हसून राहिला होता."

"हसणारच! घोडा पाहिला का तू? साठी झालेल्या नवऱ्यासाठी बायको स्वतः येऊन घोडा घेऊन गेली. तो बिचारा आता महिनाभर गोहलपुरात सांगत बसंल."

लतिकाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिने ते पाकीट त्यांच्या हातातून ओढलं. "लाज नाही वाटत? दादा बसले आहेत समोर!"

मी वर्तमानपत्र वर धरलं. विनता मात्र हसली नाही. तिने पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "मम्मी, हे बाबांना नाही द्यायचं. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. याने तिचा असर कमी होऊ शकतो, गाठ होऊ शकते."

"पण तुझं औषध पण तर यातलंच आहे ना?"

"एका मुळात बीसियों चीज़ें असतात. त्यातली एक आम्ही काढतो, धुतो, मोजतो, मग ती खरंच तीच आहे का ते परत पाहतो. यात काय आहे, किती आहे, हे या डब्यावर लिहिणाऱ्याला पण माहीत नसेल."

तिच्या आवाजात तुच्छता नव्हती. तिला दुकानदाराचा राग नव्हता, आईचाही नव्हता. तिला माहीत असलेलं ती सांगत होती, आणि तिथेच थांबत होती. माझ्या वाचनात आलेल्या किती मोठ्या लोकांना हे थांबणं जमलं नाही, असं माझ्या मनात आलं.

"चलो," लतिका म्हणाली, "मग तुझंच औषध लवकर येऊ दे. पहिली सुई तुझ्या बाबाला."

हे आलं की विनता उठून आत जाई. मला वाटे, तिला अपयशाची भीती वाटत असावी.

डिसेंबरात शेवटच्या तुकडीचे गुण मी देऊन टाकले. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिच्या स्कूटरवरून परत येत होतो. अधारतालला रस्त्याच्या कडेला मटारचे ढीग लागले होते. तिने स्कूटर थांबवली, पिशवी भरून मटार घेतले, पण पुन्हा स्कूटर सुरू करेना.

"मामा, परवा निकाल आहे. तुमचे नंबर, माझे रंग, आणि सर सांगतील कशात काय होतं."

"हो. मला तर झोप येत नाही."

"मला पण नाही." ती पुढच्या चौकाकडे बघत होती. अपघात तिथेच झाला होता. "मामा, उस दिन मैं लैब में ही थी. फोन आला तेव्हा. फ्रिज माझ्यासमोर होता."

मला आधी कळलंच नाही ती काय सांगते आहे. मग तिने मला समजावलं, तिच्या अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या हिंदीत, जसं ती पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावत असेल. पहिला मार थोड्याच पेशींना मारतो. पण नंतर काही तास, काही दिवस, एक दुसरंच नुकसान चालू राहतं. सूज येते, रक्त झिरपतं, मेलेल्या पेशींतून जे बाहेर पडतं त्याने शेजारच्या जिवंत पेशी मरत जातात. तिच्या घटकाने काही होत असेल तर ते तिथे. तो शेजाऱ्यांना वाचवू शकतो. मेलेल्यांना उठवू शकत नाही.

"म्हणजे आता मुरलीधररावांना..."

"आता बहुतेक काहीच नाही. जे होतं ते पहिल्या काही तासांतच. आणि मम्मीला हे माहीत नाही. ती निकालाची वाट बघून राहिली आहे. निकाल चांगला लागला की ती म्हणेल, आण सुई. मी म्हणेन, उशीर झाला. मग ती मागे जाईल. फेब्रुवारीपर्यंत. आणि विचारेल, त्या दिवशी औषध कुठं होतं." तिने मटारची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी फ्रिज उघडला होता, मामा. दोन्ही टोपणं दिसत होती."

काय बोलावं हे मला वेळेवर कधीच सुचलेलं नाही. तेव्हा सुचलं ते असं: "निकाल वाईट लागला, तर हा प्रश्न येणारच नाही."

ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. उलट मला सांभाळून घेतल्यासारखी म्हणाली, "मामा, यह तो मैं माँग ही नहीं सकती."

मला शरम वाटली. रोज कुठे ना कुठे कोणाचा तरी बाप दुभाजकावर आदळत असतो. त्या सगळ्यांसाठी निकाल चांगला लागायला हवा होता, आणि तो तसा लागला तर तिला स्वतःचं घर गमावायची भीती होती. इतके महिने हे मनात ठेवून ती रोज सकाळी प्रयोगशाळेत जात होती, बाटल्या मोजत होती, आणि रात्री माझ्या समोर बसून जेवताना मला एकही रंग सांगत नव्हती.

घराच्या वळणावर ती म्हणाली, "उद्या सांगते मी दोघांना."

"निकालाच्या आधी? थोडं थांबून पाहिलं असतं..."

"नंतर सांगितलं तर मी निकाल बघून सांगीन. चांगला लागला तर वेगळ्या शब्दांत, वाईट लागला तर वेगळ्या. आज मला खरंच माहीत नाही. तेव्हा पण नव्हतं माहीत. म्हणून आताच सांगितलं पाहिजे, मला माहीत नाही तोवर."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर लतिका पलंगाजवळ खुर्ची ओढून मटार सोलत बसली होती. मुरलीधरराव सोललेले दाणे हळूच उचलून तोंडात टाकत होते आणि ती त्यांच्या हातावर चापट मारत होती. मी उठून माझ्या खोलीत जायला लागलो, तर विनताने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी बसलो.

तिने सगळं सांगितलं. पहिला मार, दुसरं नुकसान, पहिले काही तास. आईला मध्येच प्रश्न विचारू दिले, उत्तरं दिली. मग म्हणाली, "मम्मी, ज्या दिवशी बाबांना लागलं, त्या दिवशी ते औषध लैबमध्ये होतं. मी फ्रिज उघडून उभी होते. मी नाही आणलं."

लतिकाच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली.

"काहून?"

"कोणत्या बाटलीत औषध आहे हे मला माहीत नव्हतं."

"मग दोन्ही द्यायच्या होत्या!"

हा प्रश्न इतका सरळ होता की मी दचकलो. एवढे महिने त्या बाटल्यांचा विचार करूनही तो मला सुचला नव्हता. विनताला सुचला होता.

"ते माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच आलं होतं."

"मग?"

"ते उंदरांसाठी बनवलेलं होतं, मम्मी. माणसाच्या शिरेत आमच्या इथलं ते कोणीच कधी घातलं नव्हतं. उंदरात तरी काम करतं का, हेही माहीत नव्हतं. अजून नाही माहीत. बाबांचं रक्त थांबत नव्हतं. माझ्या सुईने काही वाईट झालं असतं तर डॉक्टरांना कळलंच नसतं की कशानं झालं."

"काही चांगलं पण झालं असतं!"

"हो. झालं असतं."

मला वाटलं होतं ती इथे काहीतरी जोडेल. तिने काही जोडलं नाही.

लतिका उठली. मांडीवरचे मटार जमिनीवर सांडले. "बाप होता तो तुझा! उंदीर नव्हता!"

"म्हणूनच नाही दिलं," विनता म्हणाली.

लतिका स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. ते दार आमच्याकडे कधी लावत नाहीत, कडी गंजली होती, ती तिने कशी सरकवली कोण जाणे. विनता खाली बसून मटार वेचू लागली. मीही वाकलो. पलंगावरून आवाज आला.

"विनू. त्या वेळी तू मला विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, दे. रस्त्यावरच्या नळाचं पाणी दिलं असतं तरी म्हटलं असतं, दे." मुरलीधरराव छताकडे बघत होते. "म्हणून तू विचारलं नाही?"

"हो, बाबा."

त्यांनी मुठीतला एक दाणा उशीपाशी ठेवला. मग म्हणाले, "वाईट वाटून राहिलं मला. खोटं काहून बोलू. पण आता मला एकट्यालाच वाटू दे. तू ते मटार उचल, तुझी आई परत आली तर यावरच घसरंल."

संध्याकाळभर लतिका कोणाशी बोलली नाही. विनताला ताट वाढलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. पोळी वाढताना निळ्या खुणेच्या उंदराबद्दल विचारलं नाही. इतके दिवस त्या प्रश्नाने मी कावलो होतो. त्या दिवशी तो यावा असं वाटत राहिलं.

सोमवारी डॉ. शैलेंद्र यांच्या खोलीत आम्ही जमलो. माझे आणि दुसऱ्या परीक्षकाचे गुण संगणकात होते, उंदरांच्या क्रमांकांसकट. विनताने तिचे रंग त्यांच्याशी जोडले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. पहिल्या काही दिवसांत दोन्ही तळाशी, एकमेकींना चिकटून. मग हिरवी रेघ वर सरकू लागली. पिवळीही वर आली होती, पण कमी, आणि पुढे ती आडवीच झाली. हिरवी तिला मागे टाकून गेली होती.

ती एकवीसच्या जवळपासही नव्हती. हिरव्यांतलाही कोणी धावत नव्हता. पण बरेचसे स्वतःचं वजन स्वतःच्या मागच्या पायांवर घेत होते. माझ्या डोळ्यांसमोर ते एकेक उंदीर आले, त्यांचे तळवे, त्यांचे घोटे. तो रंग इतके दिवस माझ्यासमोर चालत होता आणि मला दिसला नव्हता.

अजून आनंद करायची वेळ नव्हती, कारण हिरवं म्हणजे मिठाचं पाणीही असू शकलं असतं. मग घटकाने उलट अपायच केला असं ठरलं असतं.

"सर," विनता म्हणाली, "सांगण्याआधी एकदा नुसते दुसऱ्या परीक्षकाचे नंबर घेऊन पाहू. मामा माझे मामा आहेत."

मला याचा राग यायला हवा होता का, कोण जाणे. मला तर हायसं वाटलं. माझे गुण काढून टाकले. रेघा किंचित हलल्या आणि तशाच राहिल्या. तेव्हा डॉ. शैलेंद्र यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हरा जिनसेंग है, विनता."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी खोव्याची जिलेबी आणायला धावलं. विनता पडद्यासमोरच बसून होती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, सुई देऊन झाल्यावर ठेवत असेल तसे. ती हसत होती आणि रडत होती, आणि यातलं काय कशासाठी, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी तिच्यामागे नुसता उभा राहिलो.

घरी आलो तेव्हा लतिका हॉलमध्ये मुरलीधररावांची उशी बदलत होती. तिने वळून पाहिलं नाही. पण विचारलं.

"काय निघालं?"

"काम करतं," विनता म्हणाली. "उंदरांत. सगळं बरं नाही होत, पण फरक पडतो."

लतिकाने उशीची खोळ ओढून सरळ केली. पुन्हा ओढली. "म्हणजे त्या दिवशी दिलं असतं तर."

"माहीत नाही, मम्मी. माणसाचं माहीत नाही. उंदरांत फरक पडला, इतकंच आता माहीत आहे."

"आणि ज्यांना नुसतं पाणी दिलं, ते?"

"तेही थोडे चालले. पाण्यावर पण थोडी सुधारणा होते, आपोआप. औषधवाल्यांची जास्त झाली."

"औषधाशिवाय पण?"

"थोडी. उंदीर माणसापेक्षा लवकर सावरतात. त्यावरून बाबांचं काही सांगता येत नाही."

"अगं, मला कळतं ते!" लतिका एकदम वळली. तिचे डोळे सुजले होते. "उंदीर वेगळा, माणूस वेगळा, माहीत आहे, माहीत नाही. वर्ष झालं, हेच ऐकून राहिली मी या घरात." ती पलंगाच्या कडेवर बसली. "मला एक सांग. उशिरा कोणाला दिलं तुम्ही? दहा महिने झाल्यावर?"

"नाही. सगळ्यांना लगेच दिलं."

"काहून?"

"आधी हेच पाहतात सगळे. उशिरा देऊन फायदा होईल असं वाटत नाही. मेलेल्या पेशी परत नाही..."

"वाटत नाही की पाहिलं नाही?"

विनता थांबली. मी तिला ओळखतो. तिच्यासमोर खोटं उत्तर ठेवलं तर ते तिला उचलता येत नाही.

"पाहिलं नाही," ती म्हणाली. "आमच्या लैबमध्ये कोणीच नाही पाहिलं."

"मग पाहा."

"मम्मी, बहुतेक काही निघणार नाही. मी तुला आत्ताच सांगते. वर्षं जातील, आणि काही नाही निघणार."

"नाही निघणार तर नाही." मुरलीधरराव काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. लतिकाने त्यांच्याकडे न बघताच हाताने त्यांना गप्प केलं. "काल मी तुझ्याशी घरात बोलली नाही. आजही मला राग येऊन राहिला आहे, तो काही एका दिवसात जाणार नाही, सांगून ठेवते. पण तू कालच सांगितलं. आज सांगितलं असतं, निकाल घेऊन, जिलेबी घेऊन, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं."

विनता दारातच उभी होती.

"पाहा तू," लतिका म्हणाली. "आणि ज्या दिवशी काहीच निघणार नाही ना, त्या दिवशी बाहेर रस्त्यावर फिरत बसू नको. त्या दिवशी पण सरळ घरीच ये."